पलंग पुन्हा पाठवा

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण या ऑफिसात माझ्याशी बोलण्याच्या लायकीचं कोणी उरलेलं नाही.

दुकानात गिऱ्हाइकाने पलंग घेतला, कपाट घेतलं, की आमचा कॉम्प्युटर ती ऑर्डर गोदामाच्या कॉम्प्युटरला पाठवतो. याला जॉब म्हणतात. तिकडून उत्तर आलं नाही की जॉब लटकतो आणि माझ्या स्क्रीनवर लाल होतो. मग मी तो मार्गी लावतो. वर्षानुवर्षं लावतोय. डिग्री नाही, क्लास नाही, सगळं आपलं आपण शिकलो. म्हणूनच नीट येतं.

लेकीचं बाळंतपण महिनाअखेरीला. बायकोने बजावलंय, या खेपेला दोघांनी जायचं, पहिल्या नातवाच्या वेळी तुमचे लाल जॉबच आडवे आले होते. मी म्हटलं, मी हललो तर कंपनी बसेल. म्हणाली, बसू दे की, खुर्च्याच विकता ना!

४ फेब्रुवारी, मंगळवार
नवी इंजिनिअर आली. चष्मा एवढा मोठा, की आत पोरगी शोधावी लागते. म्हणे, काका, लाल जॉब आपोआप सावरतील असं करू या. तुम्ही त्यांचं नक्की काय काय करता? म्हटलं, पुन्हा चालवतो. अजून काही? म्हटलं, अजून काय, अंगाई म्हणू?
काका म्हणे! हिच्या जन्माआधीपासून मी जॉब सावरतोय.
निश्चय : हा प्रोग्राम मीच लिहिणार, तिच्या आधी. मग रजा, मग लेकीकडे.

५ फेब्रुवारी, बुधवार
लिहायला घेतला. मध्येच गोदामवाल्याशी फोन. प्रत्येक लाल जॉबमागे मला या इसमाला विचारावं लागतं, बाबा रे, अमक्यांचा पलंग तुझ्याकडे पोचलाय का? पोचलाय म्हणाला, तर मी जॉब मिटवतो. नाही म्हणाला, तर पुन्हा पाठवतो. एवढ्या दोन शब्दांसाठी त्याच्या गुडघ्याची साग्रसंगीत हकीकत ऐकायची. आज डावा.
निव्वळ चकाट्या. प्रोग्रामला गुडघे ऐकायची गरज नाही. हा भाग गाळला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
प्रोग्राम तयार. सुटसुटीत. उत्तर नाही आलं तर पुन्हा पाठव. येईपर्यंत पाठव.
चष्मेवालीने वाचला आणि तोंड वाकडं केलं. ऑर्डर पोचली असेल आणि नुसतं उत्तर यायला उशीर झाला असेल तर, काका? म्हटलं, उत्तर नाही म्हणजे पोचली नाही. घरी मी बायकोला हाक मारतो, ओ आली नाही तर पुन्हा मारतो. (पहिल्याच हाकेला तिने ऐकलेलं असतं आणि ती मुद्दाम गप्प बसते, हा भाग वेगळा.)
साहेब म्हणाले, सोमवारी चालवून बघा. नीट चाललं तर रजा मंजूर.

१० फेब्रुवारी, सोमवार
काय सांगू! स्क्रीनवर लाल टिकतच नाही. प्रोग्राम पुन्हा पाठवतो, पुन्हा पाठवतो, आणि शेवटी सगळं हिरवंगार. साहेबांनी पाठ थोपटली. चष्मेवाली नखं खात होती.
गोदामवाल्याचे सारखे फोन. उचलले नाहीत. आज उजवा असणार.
घरी बायकोने बॅग काढून झटकली. बऱ्याच वर्षांनी माझ्याकडे बघून हसली.

११ फेब्रुवारी, मंगळवार
साहेबांनी सकाळीच बोलावलं. त्यांची पट्टी आज वरची होती.
झालं असं, की गोदामात मालमोजणी होती, म्हणून तिकडचा कॉम्प्युटर काल रेंगाळत होता. ऑर्डरी पोचत होत्या, उत्तरं उशिरा येत होती. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी एक पलंग मागवला होता. आज उजाडल्यापासून हमाल त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर पलंग चढवताहेत. हॉल भरला, स्वयंपाकघर भरलं, मग जिन्यात उभे केले. शेजारच्या आजोबांना घराबाहेर पडता येईना. बाई ओरडून नको म्हणत होत्या, पण हमालांकडे प्रत्येक पलंगाचा रीतसर कागद.
गोदामवाला म्हणतो, हेच सांगायला काल फोन करत होतो. मग मेसेज करायचा! (केला होता म्हणे.)
माझ्या मते चूक हमालांची. चौथ्या पलंगाला तरी शंका यायला नको?
रजेचा विषय काढला. साहेबांनी दाराकडे बोट दाखवलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
बाईंची माफी मागायला गेलो. त्यांनी बसायला सांगितलं. बसायला जागेचा तुटवडा नव्हता. विचारलं, दुसरा पाठवण्याआधी कुणाला तरी विचारावंसं नाही का वाटलं? या क्षेत्राबाहेरच्या माणसाला काय समजावणार! चहा मात्र बरा होता.
बायकोने बॅगेतले माझे कपडे पुन्हा कपाटात ठेवले. स्वतःचे मात्र बॅगेतच राहू दिले. ते जास्त वाईट.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
चष्मेवालीचा प्रोग्राम लागला. तो पुन्हा पाठवण्याआधी गोदामाच्या कॉम्प्युटरला विचारतो, ही ऑर्डर तुझ्याकडे आहे का? तिकडूनही कळलं नाही, तर जॉब लालच ठेवून थेट गोदामवाल्याच्या स्क्रीनवर टाकतो. तो बघतो आणि ठरवतो. मी मध्ये कुठेच नाही.
म्हणाली, काका, तुम्ही त्यांना फोन करायचात ना, तीच खरी दुरुस्ती होती. तुमच्यावरूनच सुचलं. चारचौघांत टोमणा मारायची ही कुठली पद्धत?
अंदाज : आठवडाभरात कोसळेल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
अजून कोसळला नाही. आतून पोखरत असणार.
रजेचा अर्ज दिला. माझ्या गैरहजेरीत काय काय बिघडू शकेल याचं सविस्तर टिपण जोडलं. साहेबांनी टिपण बाजूला ठेवलं आणि तिथल्या तिथे सही केली. म्हणाले, परत यायची घाई करू नका. काळजीने माणसाचा चेहरा असाही उजळतो, हे आजच पाहिलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार. लेकीचं घर.
नात झाली. नाक माझं. बायको म्हणते, मोठी होईल तसं सुधारेल.
जावयाने विचारलं, ऑफिसात चालेल ना तुमच्याशिवाय? म्हटलं, बघा आता, फोन थांबायचा नाही.
फोन खिशात आहे. आंघोळीलाही आत नेला. दोन दिवसांत ऑफिसचा एकही नाही. इथे रेंजच नाही. बायको याच फोनवरून सकाळपासून आपल्या तिन्ही बहिणींशी बोलते आहे, पण तिचा आवाजच मोठा आहे.