दोन दिवसांत काय काय बघाल

१२ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र परवा पोचलं. आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र निवृत्तीनंतरही तेवढंच चालतं.

वहिनी आणि मुलांना घेऊन येतोयस, हॉटेलात उतरणार आहेस, आणि दोन दिवसांत काय काय दाखवावं ते मला विचारलंयस. गाईड बहिणीचा एवढा तरी उपयोग! भेटू असं मात्र कुठे लिहिलेलं सापडलं नाही.

तर ऐक. जुनं कस्टम हाउस सकाळीच बघा, कोवळ्या उन्हात त्याचा दगड मधासारखा दिसतो. दीपगृहाला पायऱ्या फार, धाकटीला कडेवर घ्यावं लागेल. गोऱ्यांचं कब्रस्तान चुकवू नका. तिथे निम्मी थडगी विशीतल्या पोरांची आहेत, तापाने गेलेली. त्यांच्या आईबापांना बातमी कळायला सहा-सहा महिने लागायचे.

किल्ल्याचं काय लिहू? तो तू बघितलायस.

लहानपणचं नाही म्हणत. चार वर्षांपूर्वीचं म्हणतेय. बाबांनी मला अवाक्षर सांगितलं नाही. किल्ल्याच्या दरवाजापाशी उभा असायचा तो फोटोग्राफर बोलला, तेही गेल्या वर्षी, गाव सोडून जाताना. त्या दिवशी तो तुमचे फोटो काढत बरोबर फिरला होता.

तू सासू-सासऱ्यांना घेऊन आलास. बाबा निवृत्त झाले असतील, असा तुझा हिशोब असावा. ते गाईडचा बिल्ला लावून समोर आले आणि तू मान फिरवलीस. त्यांनी काय ते ओळखलं. "या साहेब," म्हणाले, आणि तासभर तुम्हाला फिरवलं. तोफा, दारूचं कोठार, पाण्याचं टाकं, काही सोडलं नाही.

बुरुजावर तुझे सासरे म्हणाले, "जावईबापू, तुमचे वडील आज असते तर खूश झाले असते."

"हो ना," तू म्हणालास. "इतिहासाचं वेड होतं त्यांना."

बाबा दोन हात अंतरावर उभे होते. त्यांनी घसा खाकरला आणि पुढची तोफ दाखवायला घेतली. निघताना तू त्यांच्या हातात नोट ठेवलीस. "थँक यू, काका."

काका! दादा, दुसरा शब्द सुचला नाही तुला?

त्या संध्याकाळी बाबा घरी येऊन एवढंच म्हणाले, "आज एक चांगलं कुटुंब आलं होतं. मुलगा मन लावून ऐकत होता." जेवले नाहीत. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

हे कळल्यावर मी तुला तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. बाबांकडे विषय काढायची हिंमत झाली नाही. काल तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. वाटलं, आता तरी चिडतील. ते उठले, कपाटातून गाईडचा कोट काढला आणि इस्त्री करायला बसले. "नातवंडांना किल्ला मी दाखवणार," म्हणाले. बराच वेळ एकच कॉलर दाबत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"त्याला एक विचारून घे. या वेळी ओळख दाखवायची, की मागच्यासारखंच?"

काय सांगू त्यांना? उलट टपाली कळव.

तुझी धाकटी बहीण,
निदान या कागदापुरती.