त्या गोळ्या घेऊ नकोस

सोमवार, ता. ५

धाकट्या,

दादाचा आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तिकडे तुम्हीही बरे असाल असं धरून चालतो, कारण तीन महिने तुझा फोन नाही की दोन ओळी नाहीत. मी फोन केला तर तुझी बायको उचलते आणि तू अंघोळीला गेलेला असतोस. माणसाने अंघोळ तरी किती करावी?

ते जाऊ दे. हवा बदलली आणि माझं नाक सुरू झालं. तुझंही झालं असणार. लाकडाच्या वखारीत तीस वर्षं भुसा खाल्ला आपण, मी करवतीवर आणि तू मोजणीवर. वखार सुटली, शिंका काही सुटल्या नाहीत. परवा लागोपाठ एकवीस आल्या. नातीने मोजल्या, मला कुठली शुद्ध!

सोबत गोळ्यांची दोन पाकिटं पाठवतोय. पिवळ्या आहेत. सकाळी एक, संध्याकाळी एक. तासाभरात नाक बंद, म्हणजे गळायचं बंद. दुकानातला माणूस उगाच नाही ते विचारत बसला होता, मी म्हटलं, तू आधी गोळ्या दे. तू डोळे मिटून घे. लहानपणी दादाने दिलंय म्हटलं की कडू काढासुद्धा प्यायचास.

राग असेल तर असू दे. निदान शिंका तरी नकोत.

तुझा,
दादा


मंगळवार, ता. १३

धाकट्या,

आशीर्वाद. आम्ही ठीक. घाईत लिहितोय.

पार्सल मिळालं असेल तर त्या गोळ्या घेऊ नकोस. माल जुना आहे. म्हणजे असावा, असं मला वाटतं. दुकान नवीन आहे आणि तो माणूसही काही खात्रीचा नव्हता. शिवाय त्यांनी झोप फार येते. शिवाय तोंडाला कोरड पडते. कारणं पुष्कळ आहेत. तू टाकून दे म्हणजे झालं.

मधे फोन केला नाही, कारण तीन दिवस बाहेर होतो. एका ठिकाणी. सून सोबत होती. जेवण अळणी होतं आणि खाट फार उंच. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

पाकीट चिकटवलं होतं, ते परत फोडून ‘घेऊ नकोस’च्या खाली आणखी एक रेघ मारली आहे. दिसली ना?

दादा


बुधवार, ता. १४

धाकट्या,

कालचं पत्र पोचायला दोन-तीन दिवस लागतील हे पेटीत टाकल्यावर ध्यानात आलं. आज सकाळी आठलाच फोन केला. तुझी बायको म्हणाली, “अहो दादा, कालच तर पार्सल आलं. रात्री एक घेतली, आत्ता एक. शिंका कशा थांबल्यात! तुमचं नाव काढलं हो त्यांनी, तीन महिन्यांत पहिल्यांदा.”

म्हटलं, आता पुढची देऊ नकोस, माल जुना आहे.

“जुना कुठे? चष्मा लावून बघितलं मी. पुढच्या वर्षीपर्यंत चालतात.”

“तरी देऊ नकोस.”

“पण का?”

तिला कसं सांगू? लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्यासमोर मोठ्याने हसलीसुद्धा नाही ती. मी भिंतीकडे तोंड केलं आणि एका दमात बोललो, की या गोळ्यांनी नाक सुकतं पण लघवी अडते, ज्याला आधीच तो त्रास आहे त्याची तर पारच अडते, आणि दुपारपर्यंत त्याला झाली नाही तर वाट बघू नका, सरळ दवाखान्यात न्या.

मागून तुझा आवाज आला. “त्याला विचार, त्याला कसं कळलं?”

मी फोन ठेवून दिला.

कसं कळलं ते आता लिहितो. गेल्या शुक्रवारी सकाळपासून मला एक थेंब झाली नाही. दुपारी पोट दगड झालं. बसवेना, उभं राहवेना, घरभर फेऱ्या मारत होतो. सून म्हणाली, “बाबा, काय शोधताय?” म्हटलं किल्ली. कसली किल्ली, तर मला कपाटही आठवेना. शेवटी तिनेच ओळखलं आणि गाडी बोलावली. नळी घालावी लागली. पिशवी अजून पायाला बांधलेली आहे, सैल पायजम्याखाली.

डॉक्टरीण माझ्या नातीएवढी. म्हणाली, “आजोबा, गोळ्या घेताना दुकानात कुणी विचारलं नाही?” विचारलं होतं की. त्या माणसाने स्पष्ट विचारलं होतं, लघवीला काही त्रास? माझ्या मागे रांगेत शेजारच्या दोघी उभ्या होत्या. मी म्हटलं, मी काय म्हातारा दिसतो?

मला हा त्रास चार वर्षं आहे. घरात कुणाला ठाऊक नव्हता. आणि तुला आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी गोळ्या पाठवल्या. दुकानातला तो प्रश्न कानात असताना पाठवल्या. तुला लिहायचं तर आधी माझं सांगावं लागलं असतं.

आता त्या दिवसाचं. भाचीच्या लग्नात तू जेवताना तिसऱ्यांदा उठलास आणि मी सगळ्यांदेखत ओरडलो, “अरे, याचं ताट तिकडेच न्या, संडासाच्या दारात.” केवढे हसले सगळे. तुझी सून तोंडाला पदर लावून हसली. तू हात धुऊन परत आलासच नाहीस.

त्याआधी मी दोनदा जाऊन आलो होतो. गाडीकडे लक्ष टाकून येतो असं सांगून. तिसऱ्यांदा मलाही उठायचं होतं, तेवढ्यात तू उठलास. सगळे तुझ्याकडे बघून हसत होते तेव्हा मी हळूच सटकलो. कुणी बघितलं नाही. मला तेवढंच हवं होतं.

दुपारचे दोन वाजलेत. दोनदा फोन केला, कुणी उचलत नाही. तुम्ही दवाखान्यात गेला आहात की तू उचलू देत नाहीस, काही कळायला मार्ग नाही. सून म्हणते, बाबा, बसा जरा. बसवत नाही. दर अर्ध्या तासाला करत राहणार. तुझ्या बायकोलाच विचारीन, झाली का म्हणून. मला आता कसली लाज?

पत्र मिळेल तेव्हा मात्र तू स्वतः फोन कर. शिव्या दे हवं तर. नुसतं ‘झाली’ म्हण आणि ठेवून दे.

तुला आशीर्वाद लिहायला आज हात उठत नाही.

तुझ्याच दुखण्याचा,
दादा