पिवळं राहिलेलं जेल

दादा,

अपचनाचे दहा पेशंट आमच्याकडे आले, तर सहांच्या जठरात अल्सर, कधी पुढे कॅन्सरही करणारे जंतू निघतात. दुर्बिणीतून काढलेला इवला तुकडा मी पिवळ्या जेलवर ठेवते; जंतू असले की जेल गुलाबी होतं. माझ्या हट्टाने तू तपासून घेतलंस, तर तुझं पिवळंच राहिलं. "घाबरट कुठली!" म्हणून तू हसलास.

तपासणीआधी दोन आठवडे ॲसिडिटीची गोळी बंद हवी, नाहीतर जंतू असूनही लपतात. तुझं कळवळणं बघवेना, म्हणून मीच ती तपासणीच्या दिवसापर्यंत रोज देत होते. डॉक्टरांना सांगितलं नाही. त्याला वर्ष झालं.

काल फोनवर तू म्हणालास, "पोट दुखायचं थांबलं गं. फक्त जेवण जात नाही. पट्ट्याला तिसरं भोक पाडलं."

प्रत्येक भोकाला मी तुला एक पत्र लिहिलंय. आधीची दोन खणातच आहेत.

तुझी घाबरट