तंकम्माच्या चुलीवरचा पेसहा

पाला,
ईस्टरच्या आदला शनिवार, २० एप्रिल २०१९

प्रिय रोसाचेची,

येशूची स्तुती असो. तुमचा गुडघा आता वाकतो हे वाचून बरं वाटलं. इथे ऊन मी म्हणतंय, पण विहिरीला पाणी आहे.

काल फोनवर तुम्ही विचारलंत, गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री घरोघरी मोडायचा पेसहाचा अप्पम यंदा कुणी दिला? ‘मिळाला’ एवढंच बोलून मी फोन ठेवला. नणंदेला असं तोडून बोलू नये, म्हणून लिहिते.

तुमच्या भावाला जाऊन वर्ष झालेलं नाही. सुतकाच्या घरात पेसहा करायचा नाही, तो आपल्यातल्या शेजाऱ्यांनी आणून द्यायचा. पण आपल्यातलं आता आळीत उरलंय कोण? मत्तायीच्या घराला कुलूप, पोरं कॅनडात. वर्कीच्या घरात सुबैदाचं बिऱ्हाड. चर्चमध्ये बाप्तिस्मा विरळा आणि मयती सारख्या. गुरुवारी संध्याकाळी दिवा लावून एकटीच बसले. यंदा पेसहा नाहीच, असं धरून चालले होते.

तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली, “एली, ऐकतेस का गं? पीठ तयार आहे. झावळीचा क्रूस घेऊन ये.”

शेजारची तंकम्मा! माझ्या सासूची, आपल्या अम्मचीची लाडकी!

“नायरांच्या घरी पेसहा कधीपासून शिजायला लागला?” मी विचारलं.

“अम्मचीनं शिकवलाय मला. तुला नाही शिकवला?”

चेची, अंगाचा नुसता तिळपापड झाला. लग्न होऊन आले तेव्हापासून अम्मची मला म्हणायची, ‘तुझ्या हाताला गूळ कळत नाही.’ आणि पीठ वाटायला, गुळातलं नारळाचं दूध चाखायला बोलवायची हिला. तुमचे भाऊही बोटं चाटत म्हणायचे, ‘तंकम असली की चव येते.’ मी जळायची. खोटं कशाला बोलू, दोघं मातीत गेली तरी जळतेच आहे.

तरी गेले. एकटीनं बसवेना. तिच्या कृष्णाच्या तसबिरीखाली चूल धडधडत होती. “पिठावर क्रूस तू ठेव,” ती म्हणाली, “मी ठेवला तर अम्मची वरून ओरडेल.” मी ठेवला. अप्पम वाफवून झाला, तर बाई आपलं ताट घेऊन ओटीवर निघाली. ताटात बिनक्रूसाचा अप्पम.

“तिकडे कुठे?” मी म्हटलं.

“माझी जागा तीच. क्रूसाचा फक्त तुमच्या माणसांना, असंच ना? एवढी वर्षं पीठ वाटायला मी आणि आत बसून खायला तू. कसली जळायचे गं तुझ्यावर!”

माझ्यावर! मग हात धरून तिला आत बसवलं, क्रूसाचा अप्पम मोडला आणि पहिला तुकडा तिला दिला. ती वयानं मोठी आहे आणि पेसहा मोठ्यापासून वाटतात. रडली वेडी. मीही रडले.

अम्मचीला हे मुळीच रुचलं नसतं. तुम्हालाही रुचणार नाही, म्हणूनच फोन ठेवला होता. फादरना कळवायचं तर खुशाल कळवा.

आणि हो, चव अगदी अम्मचीच्या हातची होती. तिला मात्र मी ‘गूळ जरा कमी पडला’ म्हणून सांगितलंय.

तुमची भावजय, आता आपल्या माणसांत तंकम्मालाही धरणारी,
एलिकुट्टी