दादाचा थकवा

अप्पा, आज दादाच्या मेंदूची तपासणी झाली. तुम्ही असतात तर जाऊच दिलं नसतंत. तुम्ही नाही याचं आज मला बरं वाटलं, हे आधीच सांगून टाकते.

दादासारख्या स्वमग्न माणसांच्या मेंदूतल्या पेशी ऊर्जा कशी तयार करतात, यावर इथल्या एका संस्थेत संशोधन चालू आहे. दादाला विचारलं, तो "जाऊया" म्हणाला. घरून, हूटगळ्ळीहून, बसनं गेलो. तिथल्या संशोधक बाईंनी माझ्याकडे न बघता त्यालाच विचारलं, "सर, तुम्हाला थकवा येतो का?" दादा त्यांच्या बांगड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आवाज झाला की येतो. लोक बोलले की येतो. रोज येतो." आपल्या घरात त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही तर न विचारताच ठरवून टाकलं होतंत: आळशी.

बन्नीमंटपच्या मैदानावरचा तो दसरा. मशालींची कवायत चाललीय, फटाके उडतायत, आणि दादा कान दाबून मातीत बसलाय. तुम्ही त्याची कॉलर धरता. "एळो, ऊठ! सुम्ने, उगाच नाटक करतोय!" तो उठत नाही, म्हणून लोकांदेखत फरफटत गेटपर्यंत नेता. त्याचे गुडघे सोलवटलेत आणि तुम्ही म्हणता, "रंगाऱ्याच्या घरात असलं मढं जन्मलं." आई मागून त्याच्या चपला घेऊन येतेय. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला कापड छापायच्या टेबलापाशी दिवसभर उभं केलंत. तो कोसळला. तोंडावर पाणी मारून पुन्हा उभा केलात.

आज मेंदूचे फोटो काढायच्या त्या यंत्रात केवढा खडखडाट होता! पण त्यांनी त्याला तो आवाज आधी ऐकवला होता, कानात बोळे दिले होते, थांबवायचं बटण हातात दिलं होतं. त्यानं ते दाबलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "आधी सांगितलं होतं ना."

मी बाईंना गाठलं. "दिसलं ना? ऊर्जा कमी आहे ना याची?"

"एकट्याचं असं सांगता येत नाही, मॅडम. पुष्कळ जणांचं मिळून बघायचं. फरक निघेल, कदाचित निघणारही नाही."

मला तिथंच रडू आलं, रागानं. दादा म्हणाला, "कॉफी पिऊया."

त्याला नुसतं यंत्र बघायचं होतं. पुरावा मला हवा होता, तुमच्या तोंडावर मारायला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी अजून तुम्हालाच पटवायला बघतेय.