साडेसहाचा कोपरा

१२ ऑक्टोबर
पुन्हा घोटाळा! काल संध्याकाळी काळ्या कोटाला निळ्या दोऱ्याने बटणं लावली – दिवा लावून बसले होते तरी. आज सकाळी गिऱ्हाईक तो कोट उजेडात धरून उभं, आणि मी कात्री घेऊन बटणं उसवायला बसले. तीस वर्षं शिवणकाम करतेय, असं कधी झालं नव्हतं.

१४ ऑक्टोबर
साडेसहाला सवयीने खिडकीत उभी राहिले. छापखाना सुटला की हे याच वेळी यायचे. कोपऱ्यावर आधी डावा खांदा दिसायचा, मग सगळे हे. जाऊन चौदा महिने झाले.
हल्ली दिवेलागणीला रस्त्यातली माणसं नुसत्या सावल्या होतात. घाबरायला हवं. पण खरं सांगू? कोपऱ्यावरची प्रत्येक सावली क्षणभर हेच असतात. मला तेवढं पुरतं.

१५ ऑक्टोबर
डोळ्यांत वाळू गेल्यासारखं. दिवसभर.

१९ ऑक्टोबर
संध्याकाळी जिन्याच्या दोन पायऱ्या दिसल्याच नाहीत. गुडघा फुटला. नणंद भेटायला आली होती, तिने दंडाला धरून डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं.
बाईंनी डोळे पाहिले, दंडावरची खरखरीत कातडी पाहिली, काय खाता म्हणून विचारलं. पाव, उकडलेले बटाटे, कधी गाजर. तेल, लोणी, दूध, अंडं – काही नाही. अकरा वर्षांपूर्वी ह्यांच्या हृदयाचं निघालं, तेव्हा डॉक्टर तेलकट कमी करा म्हणाले होते. आम्ही बंदच केलं! त्यांनी एकट्याने कोरडं का खायचं, म्हणून मीही सोडलं.
"पण ते गेल्यावरही?" बाईंनी विचारलं.
मी दंडावर बाही ओढून घेतली. आमचं दोघांचं तेवढंच तर उरलंय.

२३ ऑक्टोबर
रक्ताचा रिपोर्ट आला. अ जीवनसत्त्व पार तळाला गेलंय. रातांधळेपणा त्याचाच. आणखी दुर्लक्ष केलं असतं तर बुबुळाला जखम होऊन नजर कायमची गेली असती. गोळ्या दिल्यात, अगदी मोजून – आपल्या मनाने वाढवायच्या नाहीत. मी म्हटलं, गाजर तर खाते की. बाई म्हणाल्या, "नुसतं गाजर अंगी लागत नाही, काकू. थोडं तेल हवंच."
नणंदेने तेलाची बाटली आणून ओट्यावर ठेवली. ती गेल्यावर मी कपाटात मागे ढकलली.

२४ ऑक्टोबर
गोळी घेतली. तेल नाही. ते मला जमणार नाही.

२ नोव्हेंबर
कोपरा लख्ख दिसला. शाळेतले मास्तर, औषधवाल्याची मुलगी, छत्री घेतलेला एक लठ्ठ गृहस्थ – एकूण एक माणूस ओळखू आला. ह्यांच्यासारखं कुणीसुद्धा नव्हतं.
पडदा ओढला आणि रडले. डोळ्यांना पाणी तरी आलं, इतके दिवस तेही येत नव्हतं.

५ नोव्हेंबर
बाइंडर भावजी आले. छापखान्यात हे त्यांच्या शेजारी बसायचे. ह्यांचा खण रिकामा केला, त्यात जुना चष्मा निघाला, तो द्यायला आले. मी चहा दिला, बिनदुधाचा. ते म्हणाले, अजून पथ्य? मी सगळं सांगितलं. ते कप फिरवत राहिले.
"वहिनी, रागावू नका. रोज चारला आम्ही समोरून तळलेले बटाटे आणायचो. पोटभर खायचा तो. आणि मग म्हणायचा, आता घरी कुठल्या तोंडाने सांगू? ती माझ्यासाठी कोरडं खातेय."
दहा वर्षं! लबाड कुठले!
ते गेल्यावर चष्मा पुसायला घेतला. काचेवर तेलकट बोट उमटलेलं होतं. तसंच राहू दिलं.

६ नोव्हेंबर
बटाटे तळले. भरपूर तेलात. दोघांपुरते केले आणि ह्यांना मनसोक्त शिव्या घालत सगळे मीच खाल्ले. हात धुतले तेव्हा सात वाजून गेले होते.
खिडकीत जायचं राहूनच गेलं.