मसुराएवढी कप्पी

बाबा,

घरात तुला कधी अहो-जाहो केलं नाही. आता तू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर मान द्यायला लागले तर तुलाच हसू येईल, म्हणून ‘तू’च म्हणते. सध्या मी फार घाबरलेली आहे. इथं कुणाला हे सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण ज्याला मी घाबरले आहे ते तुझ्याकडूनच आलेलं असणार, आणि दुसरं म्हणजे तू आता कुणाला जाऊन सांगणार नाहीस.

गणपतीच्या चवथीनंतरची गोष्ट. केरीच्या घराच्या मागच्या पडवीत मी शोभेच्या, दोन डोलकाठ्यांच्या एका छोट्या गलबताला दोर ओवत बसले होते. डोलकाठीच्या टोकाशी कप्पी बसवायची होती. तू शिकवलीस तीच, पेरूच्या लाकडाची, मसुराच्या दाण्याएवढी, मध्ये सुईनं पाडलेलं भोक आणि कडेनं दोर बसायला खाच. ती चिमट्यात धरली, तुझ्या पद्धतीनं मनगट लाकडाला टेकवलं, श्वास सोडला आणि कप्पी पुढं नेली, तर ती डोलकाठीच्या अलीकडे-पलीकडे नाचायला लागली. मी थांबले. आणि मी काय केलं सांगू? मी ट्रक निघून जायची वाट बघितली.

सुर्ल्याच्या आपल्या घरात सगळंच हलायचं. खाणीचा माल भरून ट्रक नदीकडे निघाले की फडताळातली भांडी किणकिणायची, जनेलाची काच थरथरायची, अर्धवट झालेल्या गलबतावर लाल धूळ बसायची आणि आई ओलं फडकं घेऊन ती पुसताना तुझ्या आणि खाणवाल्यांच्या नावानं एकदमच बोटं मोडायची. तू नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या यार्डातलं सुतारकाम उरकून यायचास, चहा घ्यायचास आणि उजेड असेपर्यंत जनेलापाशी गलबत घेऊन बसायचास. शाळा सुटली की मी समोर. माझी बोटं बारीक, म्हणून कप्प्या माझ्याकडे. बसवायचं काम तुझं. “आधी हात टेकय, मगे श्वास सोड, मगे बसय,” हे इतक्या वेळा ऐकलंय की अजून सुईत दोरा ओवतानाही मी श्वास सोडते. तुझ्या चिमट्यातून एखादी कप्पी निसटून जमिनीवर गेली की तू म्हणायचास, “ट्रक गेलो गो.” आणि ट्रक गेलेला असायचाच, कारण एक गेला की दुसरा मागं उभाच. मी रांगत जमिनीवर कप्पी शोधायची. माझं लक्ष जमिनीकडे, तुझ्या हाताकडे कधीच नाही.

केरीत ट्रक नाहीत. फेरीबोट आहे, पण ती पाण्यावरून तेरेखोलला जाते, तिच्यानं माझी पडवी हलत नाही. मी आपली चिमटा धरून कान देऊन बसले. रस्त्यावर पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला आणि तो पुढं निघून गेला. हात हलतच होता, फक्त डावा, आणि तू जाणतोस की माझा सगळा जीव डाव्या हातात आहे. त्या संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, “हात कसो हालता गो तुझो?” मी म्हटलं, “कोप गरम असा.” त्यानं माझ्या हातातला चहाचा कोप काढून खाली ठेवला आणि पुन्हा मोबाइल बघायला लागला. भला माणूस आहे. भल्या माणसांना फसवणं किती सोपं असतं ते मला त्या दिवशी कळलं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

मी एवढी का घाबरते ते तुला सांगायला नको. तुझा शेवट मला पाठ आहे. सदऱ्याची बटणं आई लावायची, नंतर आई पेज भरवायला लागली. कुलेरीतली पेज तुझ्या ओठांशी येईपर्यंत तुझी मानच हलत राहायची. मी माहेरी यायची तेव्हा तू दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचास आणि थंडी वाजते म्हणायचास, भर मे महिन्यात! कंपवात हा शब्द आपल्या घरात पहिल्यांदा आला तो माझ्या लग्नानंतर, तू यार्डातल्या फळीवरून घसरून पडलास त्या वर्षी. सगळ्यांनी ठरवून टाकलं की पडल्यामुळेच झालं. मीही तेच धरून चालले होते. पडल्यामुळे झालं असेल तर ते रक्तातून येत नाही, असा माझा सोपा हिशेब. मी कधी कुठून पडलेली नाही.

मग दसऱ्याच्या आसपास म्हापशाच्या एका घरातून तुझं गलबत माझ्याकडे आलं. त्या घरच्या सुनेनं ते जुन्या साडीत गुंडाळून मांडीवर घेऊन आणलं होतं. वर्षानुवर्षं शोकेसमध्ये होतं, तळाला वाळवी लागली, एक दोर तुटला, आणि कुणीतरी सांगितलं की केरीत एका सुतारमेस्ताची मुलगी असं काम करते. मी बघताक्षणी ओळखलं. मी दहावीत होते तेव्हाचं ते. ते पुरं झालं तेव्हा यार्डातली माणसं बघायला आली होती, आणि एकानं कप्प्यांवरून बोट फिरवून म्हटलं होतं, “मेस्ता, हात न्हय रे तुझो, देवाचो हात तो.” तू मान खाली घालून हसला होतास. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता आणि स्वतःची थोडी लाज, कारण त्याच महिन्यात माझी एकही कप्पी तुला पसंत पडली नव्हती, म्हणजे त्या गलबताच्या सगळ्या तूच कोरल्यास असं मी धरलं होतं.

आठवतं ना तुला? मी कप्पी करून तुझ्या तळहातावर ठेवायची. तू ती जनेलाच्या उजेडात धरायचास, एक डोळा मिटायचास. “ही न्हय गो. खाच तिरकी गेली. दुसरी कर.” आणि कप्पी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. एकदा मी रडले, तर म्हणालास, “रडान खाच सरळ जायत?” डब्यातल्या कप्प्या चुलीत जातात अशी माझी समजूत होती. मी दुसरी करायची, तिसरी करायची. डावखुरी असल्यामुळे माझा चाकू उलट्या बाजूनं चालायचा आणि खाच जराशी डावीकडे झुकायची. लाख प्रयत्न केले, पण ते काही गेलं नाही. आजही जात नाही. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही, पण मला माझी कप्पी पोत्यातून काढून दाखवता येईल.

आता तुझं ते गलबत मी टेबलावर घेतलं, चष्मा चढवला, भिंग धरलं आणि तुटलेल्या दोराची कप्पी बघितली. खाच डावीकडे झुकलेली. शेजारची बघितली, तीही डावीकडे. पुढची डोलकाठी, मागची डोलकाठी, सुकाणूजवळच्या दोन, सगळ्या डावीकडे. बाबा, त्या गलबतावर तुझी एकही कप्पी नाही! सगळ्या माझ्या, तू नाकारलेल्या. आणि त्या ज्या जागी बसवल्यात तिथं डिंकाचे ओघळ आहेत, खरवडून वरून रंग लावलेले, एकेक कप्पी दोन-दोनदा, तीन-तीनदा बसवल्याच्या खुणा. तू तर डिंकाचा एक थेंब इकडचा तिकडे झाला तरी मला बोलायचास.

आधी मला हसू आलं. चोर, म्हटलं मोठ्यानं, मुलीच्या कप्प्या चोरणारा देवाचा हात! मग राग आला, आणि तो चांगला दिवसभर राहिला. स्वयंपाकघरात भांडी आपटली. तू सरळ सांगितलं असतंस की हात चालत नाही, तू करून दे, तर मी शंभर केल्या असत्या, रडत बसले नसते. पण तुला सांगता येत नव्हतं, म्हणून तू रागावत होतास. मी दुसरी करावी, तिसरी करावी, डबा भरत राहावा, म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तुझी मूठ झाकायला माझ्या कप्प्या होत्या आणि खाणीचे ट्रक होते. दुपारी भात टाकताना एकदम आईचं बोलणं आठवलं आणि मी तशीच उभी राहिले. “बाबाक अर्दोच कोप दी गो, भरलेलो नको.” मला वाटायचं साखर वाचवते. म्हणजे तिला माहीत होतं. तुम्ही दोघं माझ्यासमोर बसून घाबरत होता आणि मी जमिनीवर कप्प्या शोधत होते.

मी दहावीत होते तेव्हाच जर हे होतं, तर ते फळीवरून पडल्यामुळे आलेलं नाही. माझा सोपा हिशेब तिथंच मोडला. भातासाठी ठेवलेलं पाणी उकळून उकळून आटत आलं तेव्हा कुठं गॅस बंद केला.

गेल्या आठवड्यात रंग आणायला जाते असं घरात सांगून मी पणजीला डॉक्टरकडे गेले. तरुण मुलगी आहे, शांत बोलते. तिनं हात पुढं करायला सांगितले, बोटं चिमटीसारखी उघडायला-मिटायला सांगितली, चालायला लावलं. मी सवयीनं मनगट टेबलाला टेकवत होते. ती म्हणाली, “टेकू नका, मोकळा धरा.” बाबा, मला मोकळा हात धरताच येईना, मला तो कुणी शिकवलेलाच नाही. मग तिनं विचारलं, घरात कुणाला होतं का. वडिलांना, म्हटलं. “सुरुवात कधी झाली? कुठल्या बोटापासून?” रोज संध्याकाळी हातभर अंतरावर बसणारी मुलगी मी, आणि मला सांगता आलं नाही. तुझ्या शेवटातलं वाट्टेल ते विचार म्हणावं, सांगते. सुरुवात मी बघितलीच नाही, तू बघू दिली नाहीस. आता मला तीच पाहिजे आहे. अंगठा होता का? की करंगळी? सकाळी जास्त असायचं की दमल्यावर? आणि त्यानंतर किती दिवस तुला नीट काम करता आलं? दहावीपासून माझ्या लग्नापर्यंत म्हणजे बरीच वर्षं झाली. तेवढी वर्षं मिळतात असं समजून बरं वाटून घेऊ, की तेवढी वर्षं रोज असंच भीत काढायची?

डॉक्टर म्हणाली, प्रत्येक थरथर तीच नसते, आत्ताच काही ठरवू नका. पुढच्या वेळी येताना एक पान हातानं लिहून आणा. रेघा नसलेल्या कागदावर, रोजच्या अक्षरात, काहीही लिहा. अक्षर ओळीगणिक बारीक होत जातं का, ते तिला बघायचं आहे. कुणाला लिहू, विचारलं, तर हसून म्हणाली, पत्र लिहा कुणाला तरी. तर तुलाच लिहायचं ठरवलं. उद्या सकाळी जायचं आहे.

पण खरं सांगू? यातलं काहीच मी लिहिलेलं नाही. नवरा फेरीबोटीवर कामाला गेल्यापासून मी मोबाइलसमोर बोलते आहे आणि अक्षरं मोबाइलच उमटवतो आहे, एकसारखी, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तेवढीच मोठी. डॉक्टरसाठी घेतलेला कागद बाजूलाच होता, कोरा. आत्ता चष्मा काढून ठेवला, पेन घेतलं आणि त्यावर एक शब्द लिहिला, बाबा. अक्षर कसं आलंय ते बघायला चष्मा अजून घातलेला नाही.